मान मागणे हा गर्व आहे का?



सांगली जिल्ह्यातील खेळाडू मुरलीकांत पेटकर यांच्या जीवनावरील 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी चित्रपट १४ जून २०२४ रोजी प्रदर्शित झाला. कबीर खान हे त्याचे दिग्दर्शक असून पेटकरांची भूमिका कार्तिक आर्यन यांनी केली आहे. आपल्यापैकी काहींनी तो चित्रपटगृहात पाहिला असेल, काहींनी नंतर घरी टीव्हीवर. चित्रपट कसा आहे हे सांगणे या पानाचे काम नाही. परंतु त्यातील एका प्रसंगामुळे जो प्रश्न उभा राहतो, तो आपल्या श्रद्धेशी आणि आपल्या रोजच्या वागण्याशी निगडित आहे. म्हणून त्याविषयी चार शब्द.

चित्रपटात एक वयस्कर गृहस्थ पोलीस ठाण्यात येतात. त्यांना तक्रार नोंदवायची असते. कोणाविरुद्ध? तर राष्ट्रपतींविरुद्ध! कारण काय? तर आपण देशासाठी सुवर्णपदक आणले, तरीही आपल्याला अर्जुन पुरस्कार दिला नाही. ऐकणाऱ्यांना हसू येते. मग ते आपली कहाणी सांगू लागतात आणि तीच पुढे चित्रपटाची कथा होते.

हा प्रसंग जसाच्या तसा घडला की चित्रपटासाठी रचला, हे बाजूला ठेवू. एक म्हातारा माणूस उभा राहून 'माझा मान मला द्या' असे म्हणतो, एवढेच आपण पाहू. आपण ख्रिस्ती माणसांनी त्याच्याकडे कसे पाहावे? लहानपणापासून धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण शिकलो की दान करताना कर्णा वाजवू नये, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नये, मेजवानीला गेलो तर शेवटच्या जागी बसावे. मग जो स्वतःसाठी पुरस्कार मागतो, तो गर्विष्ठ म्हणायचा का? त्याने गप्प राहून 'देव पाहतो आहे' असे मनाशी म्हणायला हवे होते का?

४६ वर्षे

प्रथम खऱ्या पेटकरांची हकिकत थोडक्यात पाहू. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर येथे १९४४ साली त्यांचा जन्म झाला. लहान वयात ते सैन्यात गेले आणि तेथे बॉक्सिंग करू लागले. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्यात राहिली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. जो माणूस मुष्टियोद्धा म्हणून ओळखला जात होता, त्याला आता दुसऱ्याच्या आधाराशिवाय उठताही येईना. उपचाराचा एक भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि पोहण्यात त्यांनी आपले बळ पुन्हा मिळवले.

१९६८ साली तेल अवीव येथे अपंगांसाठी झालेल्या जागतिक स्पर्धेत ते टेबल टेनिस खेळले. आज या स्पर्धांना आपण पॅरालिम्पिक म्हणतो. पुढे १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. तो त्या वेळचा जागतिक विक्रम होता. पॅरालिम्पिकमध्ये भारताला मिळालेले हे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक. ऑलिंपिकमध्ये भारताला वैयक्तिक सुवर्ण मिळाले ते २००८ साली, अभिनव बिंद्रा यांच्या नेमबाजीतून. म्हणजे त्याच्या ३६ वर्षे आधी आपल्या सांगलीच्या एका माणसाने ही कामगिरी करून ठेवली होती.

पुढे काय झाले? पेटकर पुण्यात राहिले, नोकरी केली, संसार केला. १९८२ साली त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. त्यानंतर बरीच वर्षे त्यांचे नाव फारसे कोणी घेतले नाही. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे पदकानंतर ४६ वर्षांनी. मग चित्रपट आला आणि जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी, अर्जुन पुरस्कार (जीवनगौरव) देऊन राष्ट्रपती भवनात त्यांचा सन्मान झाला.

त्याच समारंभात सचिन खिलारी या गोळाफेकपटूलाही अर्जुन पुरस्कार मिळाला. तेही सांगली जिल्ह्यातले, आटपाडी तालुक्यातले. सप्टेंबर २०२४ मध्ये पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी रौप्यपदक जिंकले आणि साडेचार महिन्यांत पुरस्कार हाती आला. एकाच जिल्ह्यातले दोघे, एकाच दिवशी एकाच सभागृहात. एकाला साडेचार महिने लागले, दुसऱ्याला ५२ वर्षे. खिलारींना लवकर मिळाले याचा आनंदच आहे. पण हे आपोआप घडलेले नाही. अपंग खेळाडूंची दखल घ्या, असे पेटकरांसारखे लोक वर्षानुवर्षे सांगत राहिले, म्हणून पुढच्या पिढीसाठी वाट मोकळी झाली. मागच्या पिढीतील कोणी मागितलेच नसते, तर आजही कदाचित तीच स्थिती राहिली असती.

पडद्यावर न येणारी वर्षे

खेळाडूंच्या जीवनावर चित्रपट काढण्याची रीत जुनी आहे. अमेरिकेत बेसबॉल हा खेळ आपल्याकडच्या क्रिकेटइतका लोकप्रिय. तेथील लू गेरिग या प्रसिद्ध बेसबॉलपटूवर १९४२ साली 'द प्राइड ऑफ द यँकीज' हा चित्रपट निघाला. गॅरी कूपर या नामवंत नटाने त्यात काम केले. गेरिगला स्नायू दुबळे होत जाण्याचा असाध्य आजार जडला होता आणि त्या आजाराला आजही अमेरिकेत त्याचेच नाव आहे. ४ जुलै १९३९ रोजी भरलेल्या मैदानात त्याने निरोपाचे भाषण केले. चित्रपट तेथेच, लोकांच्या टाळ्यांमध्ये संपतो. गेरिग मात्र त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे जगला. दिवसेंदिवस शरीर निकामी होत गेले आणि जून १९४१ मध्ये त्याचे निधन झाले. ती दोन वर्षे पडद्यावर आली नाहीत.

यात चित्रपट काढणाऱ्यांचा दोष नाही. दोन-अडीच तासांत कोणाचेही पूर्ण आयुष्य मावत नाही. पडद्यावर शर्यत दाखवता येते, पदक दाखवता येते. एक माणूस रोज सकाळी उठतो, लुळ्या पायांनिशी कामावर जातो, घरी येतो, मुलांचा अभ्यास घेतो आणि आपली कामगिरी कोणालाच ठाऊक नाही हे जाणूनही मन कडू होऊ देत नाही, हे दाखवायला लागलो तर प्रेक्षक उठून जातील. पण माणसाचा कस लागतो तो बहुधा याच वर्षांत. ३७ सेकंदांच्या पराक्रमासाठी जेवढे धैर्य लागते, त्याहून अधिक धैर्य नंतरच्या ४६ वर्षांसाठी लागले असेल. ती वर्षे कोणी पाहिली? आपण श्रद्धावंत म्हणतो, परमेश्वराने पाहिली. हे उत्तर खरे आहे. पण ते पुरेसे आहे का, हाच प्रश्न आहे.

आपल्या नाशिकचेच एक उदाहरण घ्या. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरचा. मुंबईत एका तंबूतल्या चित्रपटगृहात त्यांनी प्रभू येशूच्या जीवनावरील मूकपट पाहिला. त्यावरून आपल्याकडील देवादिकांच्या कथाही अशाच पडद्यावर आणाव्यात, ही कल्पना त्यांच्या मनात आली, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला. आपल्या देशातील चित्रपटसृष्टीच्या उगमाशी प्रभूच्या जीवनाची कथा आहे, हे आपल्या तरुणांना अवश्य सांगावे. परंतु पुढची गोष्टही सांगावी. बोलपटांचा काळ आला, फाळके मागे पडले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा ते बहुतेकांच्या विस्मरणात गेले होते. त्यांच्या नावाचा मोठा पुरस्कार सुरू झाला तो १९६९ साली. आज पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. रविवारी आपण मुलांना घेऊन तेथे जातो.

कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव यांचेही तसेच. १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये मिळालेले ते पहिले वैयक्तिक पदक. १९८४ साली अपघातात ते गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर. सत्काराचा हार तसबिरीला घालावा लागला.

शुभवर्तमान काय सांगते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मान मागणाऱ्याविषयी शुभवर्तमान काय सांगते?

एक बाजू आपल्या परिचयाची आहे. पर्वतावरील प्रवचनात प्रभू येशू सांगतो की, लोकांनी पाहावे म्हणून धर्माचरण करू नका, तुमचा पिता गुप्तपणे केलेलेही पाहतो. संत लूकच्या शुभवर्तमानात तो शेवटच्या जागी बसण्याचा दृष्टान्त देतो. दुसऱ्या एका ठिकाणी तो शिष्यांना सांगतो की, सर्व काही केल्यावरही आपण केवळ आपले कर्तव्य केले, असेच समजा. यात संदिग्ध काहीच नाही. जो दाखवण्यासाठी चांगले करतो, त्याचे चांगले करणे तेवढ्यावरच संपते.

परंतु दुसरीही बाजू आहे आणि तिच्याकडे आपले दुर्लक्ष होते. प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले. त्यांतला एकच आभार मानायला परतला. प्रभू काय म्हणाला? 'असू दे, मला आभाराची काय गरज' असे तो म्हणाला नाही. बाकीचे नऊ कोठे आहेत, असे त्याने स्पष्ट विचारले. बेथानीत एका स्त्रीने त्याच्या मस्तकावर मौल्यवान सुगंधी तेल ओतले आणि बसलेले लोक कुरकुर करू लागले. तेव्हा प्रभूने सर्वांसमोर तिची बाजू घेतली आणि जगात जेथे जेथे शुभवर्तमान सांगितले जाईल, तेथे तेथे हिची आठवण सांगितली जाईल, असे वचन दिले. संत मार्क तिचे नावही देत नाही. पण आज नाशिकमध्ये बसून आपण तिच्याविषयी बोलत आहोत, म्हणजे ते वचन पूर्ण होत आहे. दुसऱ्याने केलेल्या चांगल्याची नोंद व्हावी, असे प्रभूला वाटत होते.

आणि स्वतःसाठी मागणे? अन्यायी न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा जाणारी विधवा आठवा. ती आपला न्याय मागत होती. प्रभूने तिला हट्टी किंवा गर्विष्ठ म्हटले नाही. प्रार्थना कशी करावी, याचा तो धडा म्हणून प्रभूने तिला आपल्यापुढे ठेवले. प्रमुख याजकासमोर शिपायाने थोबाडीत मारली, तेव्हा प्रभूने उलट मारले नाही, पण मी चुकीचे बोललो असेन तर दाखव, नाही तर का मारतोस, असे विचारले. क्रुसावर मुकाट्याने जाणाऱ्या प्रभूनेच हा प्रश्न विचारला आहे.

संत पौलाची गोष्ट तर आपल्या विषयाला अगदी जवळची आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात ती आहे. फिलिप्पै शहरात अधिकाऱ्यांनी पौल व सीला यांना चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकले. दुसऱ्या दिवशी निरोप आला की सोडून द्या. पौलाला गुपचूप निघून जाता आले असते. पण तो अडून बसला. आम्ही रोमन नागरिक आहोत, आम्हाला उघडपणे फटके मारले आणि आता गुपचूप घालवता? अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, असे त्याने सांगितले. आणि अधिकारी आले! ख्रिस्तासाठी सर्व काही केरकचरा मानणारा हा पौल. मग त्याने हा मान का मागितला? एक कारण सहज दिसते. त्याच्यामागे त्या गावात नुकतीच जन्मलेली लहानशी ख्रिस्तसभा राहणार होती. पौल चोरासारखा निघून गेला असता, तर त्या लोकांकडे गावाने चोराच्या साथीदारांसारखे पाहिले असते.

एक वचन, दोन ठिकाणे

मग या दोन बाजूंचा मेळ कसा घालायचा? मला वाटते, ते वचन कोण कोणाला उद्देशून म्हणतो यावर सारे अवलंबून आहे.

'देव पाहतो आहे, माणसांनी पाहिले नाही तरी चालेल', हे मी माझ्या स्वतःच्या मनाला सांगतो तेव्हा ती प्रार्थना असते. त्याने माझा अहंकार गळतो आणि कोणी कौतुक केले नाही तरी मी काम सोडत नाही. पण तेच वाक्य मी दुसऱ्याला सांगतो, आणि तेही त्याचे देणे माझ्याकडे असताना सांगतो, तेव्हा ती प्रार्थना राहत नाही. तेव्हा मी देवाच्या नावाने माझी उधारी टाळत असतो. पर्वतावरील प्रवचनात प्रभू दान देणाऱ्याला सांगतो की कर्णा वाजवू नको. ज्याला दान मिळाले त्याने आभार मानू नयेत, असे तो कोठेही सांगत नाही. शेवटच्या जागी बस, हे पाहुण्याला सांगितले आहे. यजमानाने पाहुण्याला शेवटी बसवावे, असे सांगितलेले नाही. उलट त्या दृष्टान्तात यजमान उठून येतो आणि पाहुण्याला वर बसवतो. यजमान आलाच नाही, तर दृष्टान्त अर्धा राहतो.

पेटकरांच्या बाबतीत आपण सर्व, म्हणजे हा देश, यजमान होतो. ते शेवटच्या जागी दहा वर्षे बसले, तरी कोणी उठून आले नाही. मग त्यांनीच उठून विचारले, तर त्यात गर्व शोधण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

सावधगिरीची तीन चाकं

तरीही एक शंका राहते. प्रत्येकालाच वाटते की आपल्याला पुरेसा मान मिळत नाही. सणाच्या वर्गणीच्या यादीत नाव खाली छापले म्हणून पुढच्या वर्षी पावती न फाडणारे आपल्याला माहीत आहेत. पुढच्या बाकावर जागा ठेवली नाही म्हणून रुसणारे आहेत. वेदीवरून आभार मानताना एक नाव राहिले, तर फादरांशी महिनाभर न बोलणारेही आहेत. हे सर्व न्याय मागणारेच का? मग गर्व तो कोणता?

संत थॉमस अक्वायनस यांनी सातशे वर्षांपूर्वी याचा बारकाईने विचार केला आहे. थोरवीला साजेशी कामे करणे आणि त्यांचा योग्य मान स्वीकारणे हा त्यांच्या मते सद्गुण आहे, नम्रतेच्या तो आड येत नाही. मात्र मानाची इच्छा तीन प्रकारे पोकळ होते, असे ते सांगतात. ज्या गोष्टीसाठी मान हवा आहे, ती त्या योग्यतेचीच नसेल तर. ज्यांच्याकडून मान हवा आहे, त्यांची पारख भरवशाची नसेल तर. आणि मानाची इच्छा देवाचा गौरव किंवा शेजाऱ्याचे भले यांच्याकडे वळलेली नसेल तर.

ही तीन मापे आपल्यालाही वापरता येतील. मी ज्यासाठी मान मागतो, ते काम खरेच घडले आहे का, आणि ते मोलाचे आहे का? ज्याच्याकडे मागतो, ती देण्याची जबाबदारी त्याची आहे का, की मला नुसत्या टाळ्या हव्या आहेत? आणि मला तो मिळाला, तर माझ्याशिवाय आणखी कोणाचे काही भले होणार आहे का? वर्गणीच्या यादीतील रुसवा या तिन्ही मापांत बसत नाही. हायडेलबर्गचे पदक मात्र खरे होते, ते नोंदलेले होते. खेळाडूंचा सन्मान करणे हे ज्यांचे काम, त्यांच्याकडेच मागणे गेले. पेटकरांच्या अंतःकरणात त्या वेळी काय होते, हे आपण सांगू शकत नाही, ते देव जाणतो. पण त्या मागण्याचे फळ पुढच्या अपंग खेळाडूंना मिळाले, हे आपल्याला दिसते.

आपल्या अंगणात

बंधू-भगिनींनो, हा विषय खेळाडूंपुरता असता, तर तो या पानावर घेण्याचे कारण नव्हते. पदक जिंकणारे थोडेच असतात. पण न पाहिलेली माणसे आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत आणि आपल्या धर्मग्रामातही आहेत.

पहाटेच्या मिस्साआधी चर्च उघडणारा, झाडणारा, मेणबत्त्या लावणारा माणूस असतो. त्याने पगार थोडा वाढवा म्हटले, तर आपण काय सांगतो? 'अरे, ही प्रभूची सेवा आहे, सेवेत पैसा पाहायचा नसतो.' जो हे सांगतो, त्याने स्वतःच्या कचेरीत पगारवाढीचा अर्ज कधीच दिलेला नसतो का? आपल्या घरी धुणीभांडी करणारी बाई आठवड्यातून एक दिवस सुटी मागते, तेव्हाही आपल्याला तिच्यात उद्धटपणा दिसतो. कामगाराची रोखून ठेवलेली मजुरी देवापुढे ओरडते, असे संत याकोबाच्या पत्रात आहे. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात योग्य मजुरी ही न्यायाची बाब आहे, असे ठामपणे मांडले. भीक आणि देणे यांत फरक आहे. देणे मागणाऱ्याला नम्रतेचे प्रवचन देऊ नये.

घरात तर हे रोज चालते. 'आमच्या आईने आयुष्यात कधी स्वतःसाठी काही मागितले नाही', हे वाक्य आपण बहुधा मृतासाठीच्या मिस्सानंतर भाषणात ऐकतो. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येते. पण थोडे थांबून विचार करावा. तिने मागितले नाही हा तिचा मोठेपणा. न मागता आपण काय दिले, हा प्रश्न आपला. आणि एखाद्या आईने किंवा सुनेने हयातीतच म्हटले की, मी दिवसभर राबते, कोणी एक शब्द तरी बोला, तर तिला आपण काय म्हणतो? 'हिला सारखे कौतुक हवे.' खाशाबांच्या तसबिरीला हार घालणाऱ्या देशावर आपण टीका करतो, आणि घरी तेच करतो.

नगर-नाशिकच्या खेड्यापाड्यांतून आपल्या पूर्वजांपर्यंत श्रद्धा कशी पोहोचली, तेही आठवावे. मिशनरी फादरांची नावे पुस्तकांत आहेत, चर्चच्या भिंतींवर आहेत आणि ती असायलाच हवीत. पण त्यांच्याबरोबर पायी फिरून मुलांना प्रार्थना आणि अक्षरे शिकवणारे मास्तर होते. तुटपुंज्या पगारावर एका खोलीच्या शाळेत त्यांनी आयुष्य काढले. त्यांतल्या कितींची नावे आपल्याला सांगता येतील? त्यांचे नातू-पणतू आज आपल्यातच, कदाचित आपल्याच बाकावर बसतात. त्यांच्यावर कोणी चित्रपट काढणार नाही. पण वृद्ध माणसे आहेत तोवर त्यांच्याकडून ऐकून ती नावे, गावे, वर्षे एका वहीत लिहून ठेवता येतील. हे काम आपले युवक सहज करू शकतील.

संत पौलाने हेच केले. रोमकरांस पत्र हे त्याचे सर्वांत गहन पत्र. श्रद्धा, कृपा, तारण यांविषयीचे एवढे मोठे विवेचन केल्यावर शेवटच्या अध्यायात तो काय लिहितो? नावे! फिबी, प्रिस्का, अक्विला, मरिया आणि अशी वीसहून अधिक माणसे. कोणी आपल्यासाठी जीव धोक्यात घातला, कोणी फार श्रम केले, कोणाची आई आपल्यालाही आईसारखी झाली, हे तो एकेकाचे नाव घेऊन सांगतो. मिस्सात हा भाग वाचला गेला, तर आपल्याला कंटाळवाणी यादी वाटेल. पण पौल मानत होता की देव त्यांना पाहतोच, तरीही मी त्यांची नावे घेणे माझे कर्तव्य आहे.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. मान मागणे हा प्रत्येक वेळी गर्व नसतो. जे खरे आहे ते खरे म्हणून मान्य करा, एवढेच मागणे असेल, तर तो न्याय असतो. तो कधी मागायचा आणि कधी सोडून द्यायचा, हे ज्याचे त्याने देवापुढे बसून ठरवावे. पौलाने तो फिलिप्पैत मागितला, इतर अनेक ठिकाणी सोडून दिला. परंतु दुसऱ्याचा मान सोडून देण्याचा अधिकार मला नाही. माझ्या वाट्याची नम्रता मी पाळायची आहे, ती दुसऱ्याकडून वसूल करायची नाही.

येत्या आठवड्यात आपण प्रत्येकाने असा एक तरी माणूस शोधू या, ज्याचे काम आपण रोज वापरतो पण ज्याचे नाव कधी घेत नाही. त्याला भेटून, त्याचे नाव घेऊन, त्याने नेमके काय केले ते सांगून आभार मानू या. आणि त्याचे काही देणे आपल्याकडे राहिले असेल, तर ते आभारांबरोबरच देऊन टाकू या. त्याला ४६ वर्षे थांबायला लावू नये.

गुप्तपणे पाहणाऱ्या पित्याने आपल्यालाही पाहणारे डोळे द्यावेत, हीच प्रार्थना.